गेटवेच्या धक्क्यावरील टायर

गेटवे ऑफ इंडियाच्या पिवळसर बेसाल्टी कमानीचे छायाचित्र काढून बहुतेक कुटुंबे माघारी फिरतात. घारापुरीच्या वाटेला लागणारी मात्र शेजारच्या धक्क्यावर उतरतात आणि तेथे त्यांच्या नजरेस प्रथम पडतात ते टायर. मालमोटारींचे, झिजून गुळगुळीत झालेले, दोरांनी लाँचेच्या दोन्ही कुशींना टांगलेले. देखणे असे त्यांच्यात काहीच नाही. परंतु ते नसते, तर त्या बोटींच्या फळ्या एका हंगामात खरवडून निघाल्या असत्या.

सुट्टीच्या दिवशी धक्क्याला जागा पुरत नाही. मग एक बोट धक्क्याला लागते, दुसरी तिच्या अंगाला आणि तिसरी दुसरीच्या. तिसरीत बसणाऱ्या आजीबाईंना दोन बोटी ओलांडून जावे लागते. खलाशी त्यांचा हात धरतो, लाट सरेपर्यंत थांबवतो आणि मगच पाऊल उचलू देतो. टायर बोटीचे अंग राखतो. दोन बोटींमधील फट तो भरून काढीत नाही. तेथे पाय वा हात गेला, तर टनावारी वजनाचे लाकूड कुणासाठी थांबत नाही.

धक्का आणि शेजारची बोट यांत मोठा भेद आहे. दोन बोटी भरतीबरोबर सोबतच चढतात, सोबतच उतरतात. त्यांच्यामधला टायर बहुधा जागेवर राहतो. धक्का मात्र अचल. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, म्हणून तेथे टायरची उंची आणि दोरांची लांबी पुन्हा पुन्हा पाहावी लागते. खरी झीज धडकेपेक्षा घासण्याने होते; ती आवरण्यासाठी नाळेकडून मागे आणि मागून पुढे असे तिरपे दोर बांधतात, म्हणजे बोट पुढे-मागे सरकत नाही.

समोर नांगरलेल्या पांढऱ्या फायबरच्या नौकांना टायर चालत नाही; त्याचे काळे डाग उठतात. त्या हवा भरलेले नळकांडी फेंडर वापरतात. त्यांच्यावरही वाळू चिकटली की ते पॉलिश कागदासारखे घासतात, म्हणून ते धुवावे लागतात.

या साध्या वस्तूचा पूर्वेतिहास सुखद नाही. दक्षिण समुद्रात देवमाशांची शिकार करणारे ताफे भर समुद्रात दोन जहाजे जवळ आणताना मारलेल्या देवमाशाचे धूड मध्ये सोडीत. १९५८ साली जपानच्या योकोहामा कंपनीने हवा भरलेला तरंगता रबरी फेंडर तयार केला. त्यानंतर देवमाशाचे काम रबर करू लागले, हे वाचून जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात कुणालाही हायसे वाटेल.

सायंकाळी घारापुरीहून परतणारी लाँच धक्क्याजवळ येते. तांडेल यंत्र मंद करतो, शेजारच्या बोटीवरील खलाशी दोर झेलतो. टायर दबतो, पाणी पिचकारते. घाईने उठलेले प्रवासी त्याच्या एका हाकेसरशी पुन्हा बाकांवर बसतात.