यादीत नसलेली छत्री

परदेशी जाऊन आलेल्या माणसाने प्रवासवर्णन लिहिले नाही, तर पुढल्या वेळी त्याला व्हिसा मिळत नाही, असा काही नियम नाही. तरीही मी हा लेख लिहितो आहे. युरोप कसा आहे, हे सांगण्यासाठी नव्हे. ते आता गल्लीतल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. मला सांगायचे आहे ते आमच्या बसमधल्या मास्तरांविषयी आणि एका छत्रीविषयी.

बारा दिवस, सात देश, बेचाळीस माणसे आणि एक बस असा आमचा हिशेब होता. "असल्या प्रवासात काय दिसणार? धावत्या गाडीतून विठोबाला नमस्कार!" असे म्हणून मी बरीच वर्षे नाक मुरडले होते. पण आमच्या सौभाग्यवतींनी वर्षानुवर्षे दर महिन्याला बाजूला टाकलेल्या पैशांचे पासबुक एके दिवशी माझ्यापुढे ठेवले आणि माझे नाक सरळ झाले.

आमचा टूर मॅनेजर म्हणजे पंचविशीतला एक चुणचुणीत मराठी पोरगा. त्याच्या हातात एक छापील यादी असे. काय पाहायचे, किती वेळ पाहायचे आणि कुठे जेवायचे, सारे त्या यादीत. प्रत्येक थांब्यावर बस सुटण्याआधी तो बोट नाचवीत आमची डोकी मोजी. "एकेचाळीस… बेचाळीस! चला." केस पिकलेल्या माणसांची ही शाळकरी हजेरी पाहून मला हसू येई. उशिरा येणाऱ्याला माइकवरून गाणे म्हणण्याची शिक्षा होती. पहिल्या दोन दिवसांत अनेकांचे गळे ऐकल्यावर सगळी मंडळी वक्तशीर झाली.

मास्तर आमच्या मागच्या बाकावर होते. कोल्हापूरकडचे, इतिहासाचे निवृत्त शिक्षक, वय शहात्तर. त्यांच्या या प्रवासाला दोन गुडघे आणि एक मुलगा अशा तिघांचाही विरोध होता. तिघांनाही न जुमानता ते निघाले होते. पहिल्याच दिवशी पॅरिसमध्ये, आयफेल टॉवरच्या पायथ्याशी सगळ्यांच्या माना वर असताना, त्यांनी मॅनेजरला गाठले.

"काय रं बाळा, फ्लॉरेन्सला छत्री दाखवणार न्हवं?"

"छत्री? काका, पाऊस पडला तर तिथेच विकत मिळेल. पाच युरोला!"

सगळे हसले. मास्तरही हसले. पण ब्रसेल्सला त्यांनी पुन्हा विचारले, आणि तेव्हापासून बसमध्ये त्यांचे नाव "छत्रीवाले मास्तर" पडले.

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. घरी कोल्हापुरात डांबर वितळत होते आणि इथे झाडांना नुकती पालवी फुटत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरीसारख्या पिवळ्या फुलांची शेते क्षितिजापर्यंत पसरलेली. संध्याकाळी सातला आम्ही जेवायला बसायचो तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन ताटात पडे. दिवेलागण व्हायला नऊ वाजत. "दिवा लावल्याशिवाय जेवायची सवय नाही हो," असे म्हणणाऱ्या एका काकूंनी तिसऱ्या दिवशी हार मानली.

हॉलंडात कॉयकेनहॉफची बाग पाहिली. १९८१ च्या 'सिलसिला' चित्रपटामुळे ट्युलिपचे ते ताटवे आम्हांला पडद्यावरून ओळखीचे होते. बत्तीस हेक्टरांची जागा. दर शरद ऋतूत सुमारे सत्तर लाख कंद इथे हातांनी लावतात. बाग उघडी असते ती वसंतातले जेमतेम आठ आठवडे. १९५० पासून हा सोहळा चालू आहे. नावाचा अर्थ मात्र साधा आहे. 'कॉयकेन' म्हणजे स्वयंपाकघर आणि 'हॉफ' म्हणजे बाग. पंधराव्या शतकात इथल्या उमरावीण बाईच्या मुदपाकखान्याला लागणारा जिन्नस या रानातून जाई. म्हणजे आपली परसबागच! हे कळल्यावर बसमधल्या बायकांना त्या बागेविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला.

बाहेरच्या शेतांत मात्र एक चमत्कारिक दृश्य दिसले. ऐन बहरातल्या फुलांच्या माना यंत्राने उडवल्या जात होत्या. शेतकऱ्याला फूल नको असते. कंद हवा असतो. फूल खुडले की झाडाची ताकद खाली कंदात उतरते. पाकळ्यांचे ढीग वाफ्यांत पडले होते. मास्तर म्हणाले, "१९४४-४५ च्या हिवाळ्यात इथं जर्मनांच्या ताब्यात असताना अन्नच मिळेना. तेव्हा लोकांनी हेच कंद शिजवून खाल्ले." फोटो काढणाऱ्या मंडळींचे हात क्षणभर थबकले. परसबाग खरीच परसबाग ठरली होती.

बसचा प्रवास म्हटला की थांबे आले. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विसावा घ्यावाच लागतो. दिवसाला साधारण नऊ तासांपेक्षा जास्त वेळ चाक हातात धरता येत नाही. गाडीत बसवलेले यंत्र मिनिटामिनिटाची नोंद करते आणि पोलीस ती तपासू शकतात. आमचा चालक पोलंडचा होता. पाऊण तास म्हणजे त्याचा पाऊण तास. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला देव जरी आला तरी त्याने किल्ली फिरवली नसती. सक्तीच्या त्या विसाव्यात आमची मंडळी स्वच्छतागृहासाठी एक युरोचे नाणे मोजत, त्याचे रुपये करत आणि हळहळत.

जर्मनीत कोलोनचे कॅथीड्रल पाहिले. बांधायला घेतले १२४८ मध्ये, पुरे झाले १८८० मध्ये. त्यानंतर ऱ्हाईन नदीच्या काठाने जाताना असाच एक विसावा आला आणि त्या पाऊण तासात मास्तरांनी मला छत्रीची गोष्ट सांगितली.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले. शाहू महाराज दत्तक आले १८८४ मध्ये. त्याच्या चौदा वर्षे आधीची ही गोष्ट. राजाराम महाराजांचे वय अवघे वीस. त्या काळी समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडाला असे मानणारे घरोघरी होते. तरी ते गेले. रोज काय पाहिले ते इंग्रजीत रोजनिशीत लिहीत राहिले. परतीच्या वाटेवर ते युरोपातून इटलीत उतरले, आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचा अंत झाला. परक्या ख्रिस्ती शहरात हिंदू राजाचे दहन करायचे कसे? शेवटी परवानगी मिळाली. शहराबाहेर आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते, त्या संगमावर चिता रचली. पुढे १८७४ मध्ये तिथे छत्री उभी राहिली. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्टने संपादून १८७२ मध्ये लंडनला छापली.

"संगम शोधला बघा त्यांनी," मास्तर म्हणाले. "पंचगंगेच्या काठचा राजा. संगमाशिवाय कसं चालंल? मी तीस वर्षं पोरांना हे शिकवलं. एकदा डोळ्यांनी बघायचंय, बस्स."

त्या दिवसापासून ती छत्री माझ्याही प्रवासाच्या यादीत आली.

पुढचे देश भराभर गेले. देश बदलला हे कळे ते रस्त्याकडेच्या निळ्या पाटीवरून. १९९५ पासून यांतल्या बहुतेक सीमांवरची नेहमीची तपासणी उठली. स्वित्झर्लंड त्यात २००८ मध्ये आले. आम्हांला एकाच ठिकाणी पोलिसाने थांबवले, आत डोकावून पाहिले आणि जाऊ दिले. ज्या रेषांसाठी दोन महायुद्धांत माणसे मेली, त्या रेषा आम्ही शेंगदाण्याचे लाडू खात ओलांडत होतो. स्वित्झर्लंडात बर्फ पाहिले, आणि लूसर्नला दगडात कोरलेला तो मरणोन्मुख सिंहही पाहिला. १७९२ मध्ये पॅरिसच्या राजवाड्याचे रक्षण करताना पडलेल्या स्विस शिपायांचे ते स्मारक. परमुलखात पडलेल्या आपल्या पोरांसाठी या लोकांनी अख्खा कडा कोरला. मास्तर तिथून लवकर हलेनात. इन्सब्रुकचे सोन्याचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे छप्पर पाहून, ब्रेनरची खिंड उतरून आम्ही इटलीत आलो. व्हेनिस होडीतून झाले.

फ्लॉरेन्सला ब्रुनेलेस्कीचा घुमट पाहून माना दुखू लागल्या, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "आता दीड तास मोकळा वेळ. चामड्याच्या वस्तू इथे छान मिळतात. साडेपाचला बस सुटेल. मुक्काम दुसऱ्या गावी आहे, मागे राहू नका."

मास्तर पुढे झाले. या वेळी त्यांनी नीट समजावून सांगितले. मॅनेजरने यादी चाळली. "काका, ते यादीत नाही हो. आणि चालकाचे तास संपत आलेत. बस तिकडे नेता येणार नाही." पोराचेही खरे होते.

मास्तर काही बोलले नाहीत. एका पायरीवर बसून गुडघा चोळू लागले. सौभाग्यवती चामड्याच्या पिशव्यांच्या दिशेने निघाल्या होत्या. त्या थांबल्या, मागे वळल्या आणि मला म्हणाल्या, "टॅक्सी का करत नाही?"

तिथे टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, ठाण्यावर जावे लागते. ते शोधण्यात पंधरा मिनिटे गेली. चालकाला इंग्रजी येत नव्हते. मी कागदावर छत्रीचे चित्र काढणार तोच मास्तर म्हणाले, "इंडियानो." चालकाची मुद्रा उजळली. "सी, सी, इंडियानो!" आमच्या यादीला जे ठाऊक नव्हते ते फ्लॉरेन्सच्या टॅक्सीवाल्याला तोंडपाठ होते. छत्रीजवळून आर्नोवर जो मोठा पूल गेला आहे, त्यालाही त्या शहराने त्या हिंदी पोराचेच नाव दिले आहे.

कॅशिने नावाच्या लांबलचक उद्यानाच्या अगदी टोकाला ती छत्री आहे. चार खांब, वर घुमट आणि खाली रंगीत अर्धपुतळा. डोईला पागोटे, चेहरा कोवळा. चौथऱ्यावर निरनिराळ्या भाषांत लेख कोरले आहेत. भोवती झाडांना नवी पालवी होती. कुणी पळत होते, कुणी कुत्रे फिरवत होते. पलीकडे धाकटी नदी गुपचूप थोरलीत मिसळत होती.

मास्तरांनी बूट काढले. गुडघे वाकत नव्हते, तरी जमेल तितके वाकून तीनदा मुजरा केला. आम्ही दोघे मागे उभे. मला वाटले होते, आता ते इतिहास सांगतील. ते एवढेच म्हणाले, "वीस वर्षांचं पोर वो. घरला निघालं होतं."

मग त्यांनी घड्याळ पाहिले आणि तेच म्हणाले, "चला, लोक खोळंबतील."

आम्ही बारा मिनिटे उशिरा पोचलो. बसमध्ये चेहरे लांबट झाले होते. कुणीतरी म्हणाले, "गाणं! छत्रीवाल्यांचं गाणं!" मास्तरांनी माइक घेतला. गाणे म्हटले नाही. राजाराम महाराजांची गोष्ट सांगितली, वर्गात सांगावी तशी. पोलंडच्या चालकाखेरीज सगळे ऐकत होते. संपल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग दिवेलागणीच्या काकू रागाने म्हणाल्या, "मास्तर, आम्हांला का नाही नेलंत? आम्ही काय नुसत्या पिशव्या घ्यायला आलो होय?" मॅनेजर पोरगा यादी उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहून घेत होता.

पिसाचा मनोरा कलता आहे तो आहेच, आणि रोम आहे तिथेच आहे. त्यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले आहे.

पहाटे मुंबईच्या विमानतळावर सामान घेऊन आम्ही पांगू लागलो, तेव्हा सवयीने मॅनेजरचे बोट पुन्हा नाचू लागले. या वेळी मला हसू आले नाही. १८७० च्या हिवाळ्यात महाराजांबरोबर गेलेली माणसे याच मुंबईच्या किनाऱ्यावर उतरली असतील. त्यांच्यापैकीही कुणीतरी डोकी मोजली असतील.

"एकेचाळीस…" पोरगा थांबला, इकडेतिकडे पाहू लागला. एका खांबाआड बाकावर बसून मास्तर बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी हात वर केला.

"बेचाळीस," पोरगा म्हणाला. "चला."