नांव ठेवण्यापूर्वीं

वरच्या वर्गांस संस्कृत शिकवितांना लक्षणाचे दोष समजावून सांगण्याचा प्रसंग वारंवार येई. 'शिंगें असलेला प्राणी तो गाय' असें म्हटलें तर म्हैसहि गाय ठरते. हा अतिव्याप्तीचा दोष. तीस वर्षें मीं हा पाठ दिला; परंतु घरीं मी स्वतःच म्हशीला गाय म्हणत होतों, हें फार उशिरां ध्यानांत आलें.

आमच्या एकत्र कुटुंबांत धाकट्या बंधूंचा मुलगा ट्रंपेट शिकत असे. दिवेलागणीच्या सुमारास माडीवर तो चित्रपटांतील गाणीं वाजवी, आणि मी खालून ओरडें, "पुरे तुझें तें जाझ!" एकदां तो नम्रपणें म्हणाला, "काका, हें जाझ नव्हे." मीं तें उर्मटपणांत जमा केलें. पुढें त्याचें वाद्य पेटींत गेलें आणि पेटी माळ्यावर गेली.

गेल्या दिवाळींत तो घरीं आला असतां मीं सहज विचारलें, "मग जाझ म्हणजे काय रे?" त्यानें लुई आर्मस्ट्राँगची १९२८ सालची 'वेस्ट एंड ब्लूज' ही ध्वनिमुद्रिका ऐकविली. आरंभीं साथीवांचून एकटें ट्रंपेट! मला आलापाची आठवण झाली. मूळ चाल हाताशीं धरून वादकानें ती ऐन वेळीं नव्यानें फुलवायची, हा त्या कलेचा प्राण. आपल्याकडे यालाच उपज म्हणतात. अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स येथील कृष्णवर्णीयांमध्यें ती वाढीस लागली.

नांवाचा घोटाळा मात्र तिकडेहि झालाच. १९१७ सालीं जाझची पहिली म्हणून गणली जाणारी ध्वनिमुद्रिका निघाली, ती गोऱ्या वादकांची. १९२७ सालच्या 'द जाझ सिंगर' या बोलपटांतील गाणीं बहुतांशीं रंगभूमीच्या लोकप्रिय ढंगाचीं. १९३० सालच्या 'किंग ऑफ जाझ' या बोलपटाचा नायक पॉल व्हाइटमन. त्याचा वाद्यवृंद प्रायः लिहिलेल्या स्वरांवरहुकूम वाजवी. आपल्याकडे सी. रामचंद्र यांनीं 'अलबेला' (१९५१) रचिला, तेव्हां गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट त्यांचे साहाय्यक होते. जाझचा रंग त्या गाण्यांत आहे. पण चाल आधींच बांधलेली. केवळ वाद्य पाहून त्यांस जाझ म्हणणें म्हणजे शिंगांवरून गाय ओळखणें होय. उलटपक्षीं, शंकर-जयकिशन यांच्या १९६८ सालच्या ध्वनिमुद्रिकेंत राग आणि जाझ बुद्धिपुरस्सर एकत्र आणिले होते. तेथें तें नांव विचारपूर्वक घेतलेलें आहे.

विद्यार्थ्याच्या उत्तरांत अशी चूक दिसती तर मीं तांबडी रेघ मारली असती. येथें विद्यार्थ्याचें उत्तर बरोबर होतें, आणि गप्प बसावें लागलें तें त्यालाच.

दिवाळी सरतांच ती पेटी माळ्यावरून काढली. ट्रंपेटच्या कळा अडकल्या होत्या. तें दुरुस्तीस धाडलें आहे. खर्च मीं दिला. पुतण्या हंसून एवढेंच म्हणाला, "काका, आतां सवय राहिली नाहीं."

मुलांच्या आवडीला नांव ठेवण्यापूर्वीं तिचें खरें नांव त्यांनाच विचारावें, इतकेंच वडीलधाऱ्या वाचकांस माझें सांगणें आहे.