दोन मिलिमीटरचा राखणदार

आपल्या बोलीतल्या एका शब्दाने शेतकऱ्याचा मोठा घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे 'कोळी'. वांग्याच्या पानाखाली रस शोषत बसतो तो लाल कोळी, आणि कपाशीच्या पात्याआड दबा धरून अळी पकडतो तोही कोळीच. पहिला पिकाचा वैरी, दुसरा पिकाचा राखणदार. मोठेपणी दोघांनाही आठ पाय, दोघेही धागा काढतात, आणि राखणदाराची पिल्ले तर मोहरीच्या दाण्याएवढीही नसतात. त्यात दुकानातल्या बाटलीवर लिहिलेले असते 'कोळीनाशक'. आता चाळिशी लागलेल्या डोळ्यांनी माणसाने ओळखावे तरी कसे?

मी कृषी पदवीधर. नोकरीची बहुतेक वर्षे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेली. उदगीर-अहमदपूरकडचे सोयाबीन, किनवटकडची कपाशी, अर्धापूरची केळी आणि हळद, सगळे पायाखालून गेले. पूर्वी शेतकरी रोगट पान रुमालात बांधून कचेरीत घेऊन यायचा. आता तो बांधावरूनच मोबाईलवर फोटो पाठवतो. सोय झाली खरी, पण फोटोत काय असते? एक हिरवा पट्टा, त्यावर एक तांबूस ठिपका, आणि खाली प्रश्न: "साहेब, काय फवारू?" त्या ठिपक्याकडे पाहून उत्तर देणे म्हणजे गोणी न सोडता आतले बियाणे ओळखण्यासारखे आहे.

म्हणून आज बारीक जिवाचा फोटो कसा काढावा, त्यासाठी कोणते साधन घ्यावे आणि कोणते घेऊ नये, याविषयी चार गोष्टी सांगतो. हा रिकाम्या माणसाचा छंद आहे असे समजू नका. यात फवारणीचा हिशोब आहे, आणि तो हिशोब नुसता पैशाचा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जी फवारणी गरजेची नव्हती ती टळली, तर पाठीवर पंप घेणाऱ्या माणसाचा तेवढा धोका टळतो.

दुसऱ्या टोकाचा अनुभवही आपण घेतलेला आहे. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी सोयाबीनची चाळण केली. त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प सुरू झाला. आधी शिवारात जाऊन मोजा, मग सल्ला द्या, हे त्याचे सूत्र. मोजायचे तर ओळखता आले पाहिजे, आणि ओळखायचे तर दिसले पाहिजे.

काय दिसले पाहिजे, ते आधी ठरवू. लाल कोळ्याची मादी सुमारे अर्ध्या मिलिमीटरची. तिचे अंग एका गोळीसारखे अखंड, कंबर नाही. ती पानाच्या खालच्या बाजूला राहते आणि वरून पानावर पांढुरके ठिपके पडलेले दिसतात. राखणदार कोळ्याच्या अंगाचे दोन स्पष्ट भाग असतात आणि मध्ये बारीक कंबर. बहुतेकांना आठ डोळे. त्यातही कुळे आहेत. उड्या मारणाऱ्याचे पुढचे दोन डोळे मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. दुसऱ्या एकाच्या पायांवर काटे असतात. तो जाळे न विणता कपाशी-सोयाबीनवर धावून शिकार धरतो. फुलात खेकड्यासारखे पाय पसरून बसणारा तिसरा. तो कधी मधमाशीही धरतो, हेही सांगितले पाहिजे. जमिनीवर धावणाऱ्या एका कुळातली मादी तर पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते. थोडक्यात, फोटोत कंबर, पाय आणि जमल्यास डोळे दिसले की आपले काम झाले.

जातीचे पक्के नाव हवे असेल तर गोष्ट वेगळी. २०२१ साली आपल्या राज्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला 'आयशियस तुकारामी' असे नाव देण्यात आले. २००८ च्या मुंबई हल्ल्यात अतिरेक्याला हातांनी धरून ठेवताना प्राण देणारे सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते नाव. पण अशा नव्या जातीची खात्री सूक्ष्मदर्शकाखाली अवयव तपासूनच होते, नुसत्या फोटोवर नाही. तुम्हाआम्हाला कूळ कळले तरी पुष्कळ.

आता साधनांकडे वळू. सर्वांत पहिले साधन म्हणजे दहापट दाखवणारे हातभिंग, सराफ वापरतो तसे. ते डोळ्याला लावायचे आणि पान डोळ्याजवळ आणायचे. यात फोटो निघत नाही, पण लाल कोळी आहे की नाही ते जागच्या जागी कळते. हे भिंग प्रत्येक शेतकऱ्याच्या खिशात असावे असे माझे ठाम मत आहे.

दुसरे साधन म्हणजे मोबाईलच्या डोळ्यावर चिमट्याने बसवायचे छोटे भिंग. काही शे रुपयांत मिळते. कोळी भिंगापासून दोन-तीन सेंटीमीटरवर असला की स्पष्ट येतो. मोबाईल पुढेमागे सरकवत राहावे आणि पाच-सात फोटो काढावेत. त्यातला एक तरी चांगला निघतोच. घरात मोबाईल आहे तर एवढ्यावर शेतकऱ्याचे बहुतेक काम भागते.

याच्या पुढची पायरी म्हणजे भिंग बदलता येणारा कॅमेरा. त्याचे गणित समजून घ्या, म्हणजे कोणी फसवणार नाही. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश टिपणारी एक चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. मोठ्या कॅमेऱ्यात ती ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. जवळच्या फोटोसाठी बनवलेले 'मॅक्रो' भिंग बहुधा एकास एक प्रमाण देते. म्हणजे दोन मिलिमीटरचा कोळी सेन्सरवरही दोनच मिलिमीटरचा उमटतो, रुंदीच्या अठराव्या हिश्श्याएवढा. ऐकायला कमी वाटते, पण पडद्यावर तो भाग मोठा केला की कंबर आणि पाय चांगले दिसतात. याहून मोठे हवे असेल तर खास भिंगे आहेत. कॅनन कंपनीने १९९९ साली ६५ मिलिमीटरचे एक भिंग आणले, ते पाचपट मोठे दाखवते. पण त्याने दूरचे काही दिसत नाही. गोठ्यातल्या बैलाचा फोटो काढायला जाल तर निघणार नाही.

आणि मोठे करण्याची किंमत मोजावी लागते. भिंगाचे छिद्र एफ-आठवर ठेवून एकास एक प्रमाणात फोटो काढला तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. पाचपट मोठे केले की तोच थर मिलिमीटरच्या साधारण नवव्या हिश्श्यावर येतो. मग कोळ्याचा डोळा स्पष्ट आणि पाय धुरकट. छिद्र फार बारीक केले तर सगळाच फोटो मऊ पडतो. उजेडही कमी होतो: एकास एकला चौपटीने, पाचपटीला सुमारे छत्तीस पटीने. शिवाय भिंग कोळ्याच्या इतके जवळ न्यावे लागते की त्याची सावली पडते, आणि कोळी टुणकन उडी मारून पसार होतो. शहरातले छायाचित्रकार एकाच कोळ्याचे पुढेमागे सरकत अनेक फोटो काढतात आणि संगणकावर त्यांचा एक करतात. आपल्याकडे वाऱ्यावर पान हलत असते, त्यामुळे ती रीत शिवारात सहसा साधत नाही.

मलाही एकदा मोठ्या भिंगाचा मोह झाला होता. शहरातल्या एका दुकानात जाऊन ते हातात घेऊन पाहिले, किंमत ऐकली, आणि घरी येऊन सांगितली. आमच्या घरातून उत्तर आले, "अहो, एवढ्यात दुभती म्हैस येते!" त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. मग हिशोब मांडला. मला चित्र प्रदर्शनात लावायचे नाही, मला मित्र आणि शत्रू यांत फरक करायचा आहे. घरात मुलीचा जुना डिजिटल कॅमेरा होता. तालुक्याच्या गावी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या स्टुडिओत रीळच्या जमान्यातले ५० मिलिमीटरचे भिंग धूळ खात पडले होते. ते थोडक्या पैशात मिळाले. त्याचे तोंड उलटे करून कॅमेऱ्यावर बसवायची एक धातूची कडी मिळते, ती घेतली. उलटे बसवलेले हे भिंग साधारण एकास एक प्रमाण देते. जुने भिंग घेण्यामागे कारण होते: त्याच्या गळ्यात छिद्र लहान-मोठे करायची कडी असते, आजच्या पुष्कळ भिंगांना ती नसते. मात्र उलटे लावल्यावर मागची काच उघडी पडते. काळ्या मातीची धूळ तिच्यावर बसली तर धोतराने खसखसून पुसू नका, फुंकणीने उडवा.

हे साधन कशाला उपयोगी पडले ते सांगतो. मुखेड तालुक्यातल्या एका घरून फोटो आला. सोयाबीनच्या शेंड्यावर बारीक जाळी आणि तिच्यात लालसर ठिपके. कोणीतरी 'लाल कोळी आलाय' म्हणून सांगितले होते, बाटली घरी आली होती, फवारणारा मजूरही ठरला होता. घरधन्याला आदल्या साली फवारताना चक्कर येऊन दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यामुळे घरची बाई फोनवर एवढेच म्हणाली, "साहेब, येऊन एकदा डोळ्यानं बगा. मग काय म्हणाल ते करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटायच्या आत मी शेतावर पोचलो. डाव्या हाताने फांदी धरली, त्याच हातावर भिंग टेकवले, म्हणजे फांदी हलली तरी कॅमेरा तिच्याबरोबर हलतो. बाईंनी ऊन आणि पीक यांच्यामध्ये पांढऱ्या धोतराचा पदर धरला. त्यातून उजेड मऊ होऊन पडतो आणि सावल्या निघून जातात. दहा-बारा फोटो काढले आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून दाखवले. प्रत्येक ठिपक्याला कंबर होती. पायांवर काटे होते. फांदीच्या खाली आईही सापडली, अंड्यांच्या रिकाम्या पिशवीजवळ बसलेली. पानांवर लाल कोळ्याचे पांढुरके ठिपके कुठेच नव्हते. बाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे ही लेकरं आमच्या कामावर आलेली हायेत की!" बाटली न उघडता दुकानात परत गेली. पुढे ते शिवार मी आठवड्याला मोजत राहिलो. अळ्या नुकसानीच्या पातळीखालीच राहिल्या. ते एकट्या कोळ्यांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. पाऊसपाणी आणि इतर मित्रकीटकही होते. पण त्या घरचा एक विषाचा पंप वाचला, हे नक्की.

याच्या उलटही घडते. त्याच हंगामात औसा भागातल्या एका वांग्याच्या फडात याच भिंगाने गोळीसारखी, कंबर नसलेली अंगे दाखवली. तो खरोखर लाल कोळी होता आणि पानोपान पसरला होता. तिथे शिफारशीतले कोळीनाशक फवारायला मी स्वतः सांगितले. भिंग कोणाची बाजू घेत नाही. जे आहे ते दाखवते, आणि त्याचे ऐकायची आपली तयारी हवी. एक लक्षात ठेवा: सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके वारंवार मारली तर लाल कोळी उलट वाढू शकतो, कारण त्याला खाणारे मित्र आधी मरतात. म्हणजे चुकीची ओळख दुप्पट महाग पडते.

तेव्हा वाचकहो, फोटो पाठवताना एवढे करा. फवारलेल्या शेतात त्या दिवशी भिंग घेऊन बसू नका. पहिला फोटो पूर्ण झाडाचा, दुसरा पानाच्या खालच्या बाजूचा, तिसरा जिवाचा, अगदी जवळून. जिवाशेजारी मोजपट्टी धरा, म्हणजे आकार कळेल. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसे केले की तो जसाच्या तसा येतो, दाबून धुरकट होत नाही. सोबत गाव, पीक, वाण आणि पेरणीची तारीख लिहा. सल्ला देणाऱ्याला मग अंदाजाने बोलावे लागत नाही.

पैसे किती घालावेत? आधी हातभिंग, मग मोबाईलचे भिंग. एक हंगाम त्यांच्यावर काढा. त्यानंतरही आणखी जवळ जावेसे वाटले तर जुने भिंग उलटे करा. महागाचे मॅक्रो भिंग वाईट नाही. ते कोळ्याला न बिथरवता थोडे लांबून फोटो देते. गावातल्या शेतकरी गटाने किंवा शाळेने मिळून ते घेतले तर शोभेल. एकट्याने कर्ज काढून घेऊ नये. घरात नववी-दहावीचे पोर असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. त्याचे डोळे चांगले, हात स्थिर, आणि एकदा कोळ्याचे आठ डोळे त्याने पाहिले की पिकाकडे बघायची त्याची नजर आयुष्यभरासाठी बदलते.

उद्या सकाळी दव असताना कपाशीचे एक पान उलटून बघा. बाटलीचे झाकण त्यानंतर उघडायचे की नाही, ते ठरवा.