गाडी बाहेर, लेथ आत

निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे याबद्दल आपल्या समाजाची मते फार ठाम आहेत. त्याने पहाटे उठून टेकडीवर जावे, येताना कोथिंबीर आणावी, रस्त्यातल्या खड्ड्यांविषयी संपादकांना पत्रे लिहावीत आणि उरलेल्या वेळात 'आमच्या वेळी' या दोन शब्दांनी सुरू होणारी वाक्ये बोलावीत. यातले काहीही न करता मी लेथ विकत घेतला.

बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला ही बातमी फोनवर दिली, तर तो काळजीच्या सुरात म्हणाला, "लेहला? या वयात? अरे, तिथं ऑक्सिजन कमी पडतो. कापूर जवळ ठेव." मी तीनदा 'लेथ, लेथ' म्हणून ओरडलो. तिसऱ्यांदा त्याला नीट ऐकू आलं, आणि तेव्हा कुठे त्याला खरी काळजी वाटू लागली.

लेथ म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक असेलच. नसेल तर सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळणी होतात ती डोळ्यांसमोर आणा. कातारी लाकूड फिरतं ठेवतो आणि त्याला पटाशी लावतो. लाकडाच्या जागी लोखंड आणि कातार्‍याच्या हाताच्या जागी दांडे, चाकं नि स्क्रू आले की झाला लेथ. इथं काम गरगर फिरतं आणि हत्यार जागच्या जागी ठाम असतं. अडतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे हे तत्त्व मला नवीन नव्हतं. तिथंही फाईल फिरायची आणि साहेब जागचा हलत नसे.

पण खरं कारण अण्णा. आमचे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात टर्नर होते. ऑइल इंजिनांचे सुटे भाग कातण्यात त्यांचं आयुष्य गेलं. घरी येताना कपड्यांना तेलाचा वास आणि चपलांच्या तळाला लोखंडाचा कीस. डाव्या हाताचं चौथं बोट अर्धंच. शर्टाची बाही फिरत्या कामात अडकली, त्यात ते गेलं. सुट्टीच्या दिवशी मी कारखान्यात डोकावलो की ते म्हणत, "लांब हो. तुझी बोटं नोटा मोजायला ठेवायची आहेत. रोज संध्याकाळी बोटं मोजायची पाळी नको." एकदाच त्यांनी माझ्या डोक्याचा केस उपटून मायक्रोमीटरमध्ये धरला होता आणि 'अडीच थाऊ' असा निकाल दिला होता. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावर इतकं बारीक काही आहे याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! (आता मोजायला केस उरले नाहीत, तो भाग वेगळा.) 1981 साली मी बँकेत लागलो, तेव्हा अण्णांनी पेढे वाटले आणि मायक्रोमीटर मखमली डबीत ठेवून दिला. 1996 साली ते गेले. डबी माझ्याकडे आली.

तर 2022 च्या मे महिन्यात साडेचार फुटी बेडचा, वापरलेला, जवळजवळ अर्ध्या टनाचा लेथ टेम्पोतून पुण्यात आमच्या दारात उतरला. त्याची खरी किंमत आणि सौभाग्यवतीला सांगितलेली किंमत यांत थोडा फरक आहे. आमच्या धंद्यात त्याला टॉलरन्स म्हणतात. चार हमाल, तीन लोखंडी नळ्या, एक पहार आणि गल्लीतले सतरा सल्लागार यांच्या साहाय्याने तो नळ्यांवरून इंचाइंचानं गॅरेजमध्ये सरकला. गाडी बाहेर आली. तिच्यावर ताडपत्री टाकताना सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "आज गाडी बाहेर काढलीत. पुढचं मशीन कधी आणताय ते आधी सांगा, म्हणजे मी माहेरी कळवते."

मूळची मोटर थ्री फेजची, घरात सिंगल फेज. मोटर बदलली. बदललेली पहिल्यांदा उलटी फिरली. वायरमनने दोन वायरींची अदलाबदल करून ती सुलटी केली आणि ज्ञानाचे पैसे वेगळे घेतले. टूलचं टोक कामाच्या मध्याशी यावं म्हणून खाली हॅकसॉ ब्लेडचे तुकडे घातले. एक इंची सळई चकमध्ये आवळली आणि अण्णांचं नाव घेऊन पहिला कट लावला. लोखंडाची निळसर चकली वळवळत बाहेर पडली. साठी उलटलेला गृहस्थ एकटाच गॅरेजमध्ये टाळ्या वाजवतोय, हे दृश्य समोरच्या बाल्कनीतून कुणी पाहिलं नसावं अशी आशा आहे.

मग मखमली डबी उघडली. सळई एका टोकाला दुसऱ्यापेक्षा चार थाऊ जाड. सहा इंचांत चार थाऊ! दुसरी सळई, तेच. तिसरी, तेच. मी तीन आठवडे गाजरं कातत होतो. दोष टेलस्टॉकचा म्हणून तो रोज इकडचा तिकडं सरकवत होतो. आठव्या दिवशी ध्यानात आलं की सळई फक्त चकमध्ये धरलेली होती, टेलस्टॉकचा त्या कामाला स्पर्शही नव्हता. कामाला हात न लावणाऱ्याला दोष देण्याची माझी ही पहिलीच वेळ. बँकेत नेहमी उलटं असायचं.

त्याच वैतागात ती गोष्ट घडली. चक आवळायची चावी चकमध्येच राहिली आणि मी बटण दाबलं. चावी सुटली ती माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरला भोक पाडून खाली पडली. मी मोटर बंद करून जिथल्या तिथं उभा. पाय कापत होते. घरात कुणाला कळलं नसेल असं मनाशी म्हणतोय, तोच काठीचा आवाज आला. आई. सत्त्याऐंशी वर्षांची, डोळ्यांनी अधू. दारात उभी राहून तिनं एवढंच विचारलं, "चावी राहिली व्हय रं?"

काय बोलणार? तिनं कारखाना बाहेरूनच पाहिला होता, रोज डबा पोचवताना. पण तो आवाज तिला ठाऊक होता. तिनं हात पुढं केला. मी चावी दिली. ती तिनं पदरानं पुसली, खुर्ची मागवून घेतली आणि दारातच बसली. "लागली की माग. काम झालं की परत आणून दे." सौभाग्यवतीनं चहा दिला तोही आईनं तिथंच घेतला. त्या दिवशी जेवताना ती माझ्याशी बोलली नाही. फक्त वाढायच्या आधी म्हणाली, "हात बघू." लहानपणी हात धुतलेत की नाही ते पाहायला म्हणायची, तसंच.

दुसऱ्या दिवसापासून ती ड्यूटीवर. दोनेक दिवस माझं पुटपुटणं ऐकून म्हणाली, "तुझे अण्णा नवीन मशीन बसवलं की महिनाभर पाणसळ घेऊन बसायचे. डबा गार व्हायचा. तू लावलास का?"

मी लावली होती, गवंड्याची. ओळखीच्या एका टूलरूममधून चार दिवसांच्या बोलीवर खरी पाणसळ आणली, मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा फरक सांगणारी. ती बेडवर आडवी ठेवली. चककडे बुडबुडा डावीकडे, टेलस्टॉककडे उजवीकडे. गाडी धुतल्यावर पाणी वाहून जावं म्हणून गॅरेजच्या जमिनीला उतार होता. लेथचा एक पाय अधांतरी होता आणि मी बोल्ट आवळून तो जबरदस्तीनं जमिनीला टेकवला होता. त्यामुळे एवढ्या बिडाच्या बेडला पीळ बसलेला. लेथ थोडा तिरका असला तरी त्याचं काही बिघडत नाही. डोलणाऱ्या बोटींवरही लेथ असतात. पीळ मात्र त्याला सोसत नाही. बोल्ट सैल केले, त्या पायाखाली पत्रा घातला, पुन्हा आवळले, पुन्हा पाहिलं. पत्र्याला पत्रा लावत शेवटी शीतपेयाच्या डब्याचा एक तुकडा कात्रीनं कापून सरकवला, तेव्हा दोन्हीकडचे बुडबुडे एकमतानं उभे राहिले. पुढची सळई अर्ध्या थाऊत आली. मी आईच्या हातात ती दिली. तिनं बोट फिरवून पाहिलं आणि "हां" म्हणाली. अण्णांचंही कौतुक एवढंच असायचं.

पहिलं खरं काम म्हणून तिच्या काठीला पितळी शेंबी करायची ठरवली. मोठ्या तोऱ्यात आतून सरळसोट कातलेली शेंबी काठीवर बसवायला गेलो, तर ती पुढं लागते आणि मागं डुगडुगते. आई म्हणाली, "काठी खाली निमुळती असते की रं. तुझ्या गाजरासारखी." म्हणजे जो दोष काढायला मी महिना घालवला होता, तोच आता मुद्दाम आणायचा होता! स्लाइड जराशी वळवून आतून उतार दिला, तेव्हा शेंबी बसली. आता ती घरात चालते तेव्हा टक्‌ टक्‌ असा आवाज येतो आणि मी कुठल्याही खोलीत असलो तरी मान वर करतो.

गाडी अजून ताडपत्रीखाली आहे. छपराचं काम येत्या रविवारी, असं मी दर रविवारी सांगतो. चार वाजले की आई खुर्चीत येऊन बसते, मांडीवर चावी. मी समोर जाऊन उभा राहतो. ती आधी माझ्या बाह्या चाचपते, कोपराच्या वर दुमडल्यात ना ते पाहते. मग दोन्ही हात हातात घेऊन एकेक बोट दाबून बघते, दहापर्यंत. डाव्या हाताच्या चौथ्या बोटाशी तिला जरा जास्त वेळ लागतो. मग चावी देते.