ऋतूनुसार लांबणारा तास

नगरच्या कापड बाजारात चाळीस वर्षे घड्याळांचे दुकान सांभाळलेले एक शेठजी दिवाळीचे वहीपूजन आटोपून टोकियोला मुलाकडे गेले. मुलगा ओकाचिमाचीत रत्नांचा व्यापार करतो. त्या पेठेत भारतातून गेलेल्या जैन जवाहिऱ्यांच्या पेढ्या आहेत, त्यामुळे आहाराची चिंता नव्हती. चिंता होती ती एका प्रश्नाची, आणि पंधरा दिवसांत तो ओठांवर आला नव्हता. दुकान ठेवायचे की आवरायचे? परतीच्या आदल्या दिवशी मुलाने एका दिवसाची सहल ठरविली : सकाळी जुने जपान, दुपारी यंत्रमानव.

आरंभ आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरापासून झाला. इ. स. 628 मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी त्याची आख्यायिका. युद्धात जळालेले मुख्य मंदिर 1958 मध्ये पुन्हा उभे राहिले. शेठजींचे लक्ष मात्र मंदिरापुढच्या नाकामिसे पेठेकडे अधिक गेले. दुकाने हातभर रुंदीची, पण मांडणी अशी की गिऱ्हाईक थबकलेच पाहिजे.

जवळच्या चहाघरात हिरव्या चहाबरोबर गोड वडी आली. सारण अझुकी नावाच्या लाल कडधान्याचे, थेट पुरणाच्या वळणाचे. परंतु अशा मिठाईच्या आवरणात कधीकधी कंद असतो, म्हणून मुलाने आधी विचारून घेतले. मग मार्गदर्शिकेने चहा नेणारी बाहुली पुढे ठेवली. तिच्या हातांतील तबकावर पेला ठेवला की ती पावले टाकीत पाहुण्याकडे येते, पेला उचलला की थांबते, रिकामा परत ठेवला की वळून माघारी जाते. वीज नाही, केवळ स्प्रिंग आणि दाते. होसोकावा हान्झो यांच्या 1796 च्या ग्रंथात घड्याळांच्या आणि अशा बाहुल्यांच्या रचना आकृत्यांसह दिलेल्या आहेत. शेठजी हरखले. पण जुन्या बाहुल्यांची स्प्रिंग देवमाशाच्या तोंडातील पट्ट्यांपासून करीत, हे कळताच उचललेला पेला त्यांनी हळूच खाली ठेवला. ही प्रतिकृती पोलादी स्प्रिंगची आहे, असा खुलासा झाल्यावरच त्यांनी तो पुन्हा हाती घेतला.

उएनोच्या राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयात मात्र ते एका काचेपुढून हलेनात. तानाका हिसाशिगे यांनी 1851 मध्ये पूर्ण केलेले हे ‘दहा हजार वर्षांचे घड्याळ’. पुढे ज्यातून तोशिबा उद्योग वाढला, त्याचे मूळ याच कारागिराच्या कारखान्यात आहे. एकदा चावी दिली की ते वर्षभर चालावे, अशी योजना. सहा बाजूंना सहा तबकड्या. माथ्यावर काचेच्या घुमटात जपानचा नकाशा आणि त्यावरून फिरणारे सूर्यचंद्र. सहलीतील इतरांना अवघड वाटली ती जपानी तासांची तबकडी. त्या काळी जपानात दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग करीत; उन्हाळ्यात दिवसाचा तास लांबे, हिवाळ्यात आखडे. साध्या घड्याळांची जुळणी दर पंधरवड्याच्या सुमारास बदलावी लागे. तानाकांनी मात्र तबकडीवरील तासांच्या खुणाच आपोआप सरकत्या केल्या. 1873 पासून पाश्चात्त्य कालगणना आली आणि हे तास मागे पडले.

शेठजींना समजावून सांगावे लागले नाही. “आपली पोरसी तरी काय? सूर्योदयापासून दिवसाचा चौथा भाग. रोज सारखी कुठे असते?” नवकारसीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांची गोष्ट वेगळी, हेही त्यांनी मार्गदर्शिकेला बजावले. तिला त्यातले किती कळले, कोण जाणे. मग काचेकडे पाहतच ते मुलाला म्हणाले, “याला वर्षातून एकदा चावी पुरते. दुकानाला रोज लागते. आवरू का?”

मुलगा बराच वेळ बोलला नाही. “पप्पा, मी परत येणार नाही,” तो शेवटी म्हणाला.

“ते ठाऊक होते. तुझ्या तोंडून हवे होते,” शेठजी म्हणाले. “पाडव्यापर्यंत उधारी वसूल होईल. कारागिराला त्याचे टेबल आणि अवजारे देऊन टाकतो.”

दुपारी ओदाइबाच्या मिराईकान संग्रहालयात, 2001 मध्ये उघडलेल्या त्या भव्य काचेच्या इमारतीत, फारसे संभाषण झाले नाही. होंडाचा असिमो येथे वीस वर्षे पाहुण्यांपुढे चालून 2022 मध्ये निवृत्त झाला, हे ऐकून शेठजी म्हणाले, “माझ्यापेक्षा लवकर सुटला.” सीलच्या पिलासारखा पारो नावाचा यंत्रप्राणी वृद्धाश्रमांत सोबत म्हणून ठेवतात, थोपटले की मान वळवतो, डोळे मिटतो. “केस कृत्रिम आहेत ना?” एवढे विचारून शेठजींनी त्याला थोपटले.

“नगरला घरी पाठवू का एक?” मुलाने विचारले. आई गेल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

“नको. त्यापेक्षा तू रविवारी फोन लवकर कर. तुझ्या आठ वाजता इकडे साडेचार असतात. माझे जेवण त्यानंतर असते.”

बाहेर खाडीवर ऊन पिवळे झाले होते. नोव्हेंबरात टोकियोचा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, आणि सहलीचे चहापान पाचला होते. शेठजी घड्याळ पाहण्यासाठी मनगट वळवणार, तोच मुलाने पिशवीतून गाळलेल्या पाण्याची बाटली आणि खाखऱ्यांचा डबा काढून पुढे केला. “बारा मिनिटे आहेत, पप्पा.” चौविहार त्याने कित्येक वर्षांपूर्वी सोडला होता.