पाच जिनसा

काशीतील रामघाट हा मराठी माणसाला परका वाटत नाही. घाटाच्या पायऱ्या चढून गल्लीत शिरले की वेदपाठाचा स्वर कानी पडतो, कारण येथेच सांगवेद विद्यालय आहे. दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगाघाट या परिसरात दक्षिणेतून आलेली ब्राह्मण घराणी पिढ्यान् पिढ्या नांदली. त्यांची मराठी हिंदीच्या शेजारात थोडी वाकली, पण मोडली नाही. पंचगंगेला पाच नद्या मिळतात अशी श्रद्धा आहे : गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा. डोळ्यांना दिसते ती एकटी गंगा. उरलेल्या चार मोजायच्या, पाहायच्या नाहीत.

अशाच एका घरातील ही हकिकत. घरातले वडीलधारे, ज्यांना सारे ‘नाना’ म्हणत, ते आयुष्यभर धर्मशास्त्र शिकवून थकलेले. त्यांचा नातू गोव्यात नोकरीला. ‘हॉटेलात आहे’ एवढेच घरात सांगितले जाई आणि एवढ्यावरच विचारणारे थांबत. हॉटेलात कोणी हिशेब लिहितो, कोणी खोल्या पाहतो. हा मद्याच्या मेजामागे उभा राहून पेये मिसळतो, हे त्याच्या काकूला ठाऊक होते. नानांना ठाऊक आहे की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आजी गेल्यानंतरच्या पहिल्या फाल्गुनात तो रजेवर आला. चुलतभावंडांसाठी गच्चीवर ‘रम पंच’ करावे म्हणून त्याने एक बाटली स्वेटरमध्ये गुंडाळून आणली होती, आणि नेमकी ती नानांसमोरच स्वेटरमधून बाहेर आली.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी या पेयाच्या नावाकडे वळणे भाग आहे, कारण नानाही तिकडेच वळले.

‘पंच’ हा इंग्रजी शब्द आपल्या ‘पंच’पासून निघाला, त्यात पाच जिनसा असतात म्हणून, ही व्युत्पत्ती सर्वतोमुखी आहे. तिचा जुना आधार जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याचा. 1672 ते 1681 या काळात तो हिंदुस्थानात व इराणात हिंडला आणि 1698 साली त्याचे प्रवासवृत्त प्रसिद्ध झाले. गोव्यातील नेरूळ येथे उत्तम अरक निघतो आणि त्यापासून इंग्रज लोक पाच जिनसांचे पेय करतात, म्हणून त्याला हे नाव, असे तो सांगतो. एकोणिसाव्या शतकातील ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानेही हे मत उचलून धरले. परंतु फ्रायरच्या आधी, 1638 साली, सुरतेस आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने जे पेय नोंदवले त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर अशा चारच वस्तू आहेत. फ्रेंच बर्निए बंगालमधील पेयाबद्दल लिहितो त्यातही अरक, लिंबाचा रस, पाणी आणि वर किसलेले जायफळ, म्हणजे चारच. काही अभ्यासक तर हा शब्द दारूच्या पिंपाच्या इंग्रजी नावाशी जोडतात. व्युत्पत्ती सुंदर आहे म्हणून ती सिद्ध होत नाही. आपला शब्द जगभर गाजतो आहे या आनंदात आपण पुरावा तपासावयास विसरतो. हा दोष आपल्या भाषाभ्यासात नवा नाही.

बर्निएच्या नोंदीतील एक तपशील मात्र फार मोलाचा आहे. बंगालचा तो अरक गुळापासून काढलेला होता. म्हणजे वेस्ट इंडीजमधील रम या बाजूस येण्याआधीच, गंगेच्या मुखाकडील प्रांतात उसाचे मद्य आणि लिंबू एकत्र आले होते.

“कशापासून करतात हे?” नानांनी बाटली न्याहाळत विचारले.

“उसाच्या मळीपासून,” नातू म्हणाला.

“म्हणजे गौडी.”

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि माध्वी. तिन्ही द्विजांना वर्ज्य. सुरापान हे पाच महापातकांपैकी एक. येथेही संख्या पाचच. मनूची गौडी बहुधा आंबवलेली असावी आणि रम ही भट्टीतून उतरवलेली, हा भेद इतिहासाच्या अभ्यासकाने करावा. निषेधाला भट्टीची फिकीर नसते. आणि तरीही काशीत याच फाल्गुनात घराघरांतून ठंडाई वाटली जाते. बदाम, मगज, बडीशेप, मिरी, वेलदोडे, खसखस, गुलाबाच्या पाकळ्या यांच्यासह पुष्कळदा भांगेची गोळीही पाट्यावर येते. तिला ‘विजया’ म्हणतात, शंकराचा प्रसाद मानतात. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानेही भांगेची पाने व्याख्येबाहेर ठेवली. नशा दोन्हींत आहे. एकीला गोत्र मिळाले, दुसरीला मिळाले नाही. ही विसंगती नानांना ठाऊक नव्हती असे नाही. त्यांनी ती आयुष्यभर शिकवली होती.

“गौडी वगळून करून दाखव,” ते म्हणाले. “पाहू दे, तू काय करतोस ते.”

मग स्वयंपाकघरात नातवाने आपली विद्या मांडली. कागदी लिंबांची साल त्याने अशी सोलली की आतला पांढरा भाग येऊ नये, कारण कडूपणा त्यात असतो. ती साल साखरेत चुरून तासभर झाकून ठेवली. सालीचे तेल साखरेत उतरले आणि साखर ओलसर, सुगंधी झाली. बंगल्यावरचे साहेब आणि बार्बाडोसचे मळेवाले जे प्रमाण पाळीत ते त्याने सांगितले : आंबट एक भाग, गोड दोन, मद्य तीन, पाणी किंवा चहाचे गार पाणी चार. मद्याच्या तीन भागांच्या जागी त्याने सुंठीचा पातळ काढा घातला. बर्फ कुटायचा नाही, वाटीएवढा एकच ठोकळा ठेवायचा. तो सावकाश विरघळतो आणि पेय पाणचट होत नाही. शेवटी जायफळ. किसणी सापडेना, तेव्हा काकूने फडताळातून लहान सहाण काढून दिली. बाळगुटीची सहाण. तीवर याच घरातील तीन पिढ्यांना हळकुंड, वेखंड, जायफळ उगाळून मिळाले होते, या नातवालाही.

नानांनी पेला ओठांना लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

“जायफळ अधिक झाले,” ते म्हणाले. “तुझी आजी दोनच वेढे देत असे.”

गुटीत औषध तोलत नाहीत. सहाणेवर किती वेढे उगाळले ते मोजतात. वय वाढेल तसे वेढे वाढतात, पण जायफळाचे वाढवीत नाहीत, कारण त्याने गुंगी येते. पाककलेच्या पुस्तकांतून चमचे आणि मिलिलिटर आले, तेव्हा हे मोजमाप बायकांच्या हातांतच राहून गेले.  आजीबरोबर ते या घरातूनही जवळजवळ गेलेच होते.

बाटलीविषयी नाना एवढेच बोलले की ती स्वयंपाकघरात येऊ नये. रात्री गच्चीवर भावंडांनी पाचही जिनसा घालून आपले पंच केले. खाली नानांच्या खोलीतला दिवा नेहमीपेक्षा उशिरापर्यंत जळत होता. सकाळी सहाण धुऊन जागेवर ठेवलेली पाहून त्यांनी नातवाला विचारले, “किती?”

“दोन, नाना.”

त्या दिवशी नानांचे एक जुने विद्यार्थी दर्शनाला आले. नातवाकडे पाहून त्यांनी रीतीप्रमाणे चौकशी केली, चिरंजीव काय करतात? काकू दारात थबकली. ज्यापासून आपले पन्हे आले तो ‘पानक’ हा संस्कृत शब्द पाहुण्यांनाही परिचयाचा होता.

“पानके करतो,” नाना म्हणाले. “गोव्याला.”

पाहुण्यांनी समाधानाने मान डोलावली.