उडवी पडवीपासून लांब रच

येलहंका, बेंगळुरू

ती. आत्यास,


काजूला मोहोर आला आणि सड्यावरचं गवत पार वाळलं, असं तू फोनवर म्हणालीस तेव्हापासून वणव्याची धास्ती मनातून जात नाही. म्हणून लिहितोय. वाडीतही वाचून दाखव.

23 फेब्रुवारी 2019 ला इथे येलहंक्याच्या हवाई तळावर 'एरो इंडिया' हे विमानांचं प्रदर्शन चालू असताना वाहनतळाला आग लागली. जंगल नव्हतं, उघडं मैदान होतं. पण खाली वाळकं गवत आणि वर सुटलेला वारा. बघता बघता तीनशेच्या आसपास मोटारी जळाल्या, तेही हवाई दलाच्या तळाला लागून. त्याच आठवड्यात बंडीपूरचं जंगल पेटलं. तिथे हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतायला गेली. आपल्या सड्यावर कोण येणार आहे?

अमेरिकेच्या वनखात्यातले जॅक कोहेन यांनी वणव्यात जळालेल्या घरांचा अनेक वर्षं अभ्यास केला. घर तगणार की जाणार, हे मुख्यतः ते घर आणि भोवतीचा तीसेक मीटरचा परिसर ठरवतो, असं ते सांगतात. ज्वाळा दूर असतानाच उडत आलेल्या ठिणग्या घर पेटवतात. आपला चिरा जळत नाही, कौलंही जळत नाहीत. जळतात त्या कौलांखालच्या रिपा, वासे, पन्हळीत साचलेला पातेरा, पडवीला टेकवून रचलेला लाकूडफाटा. तेव्हा पन्हळ आधी साफ करून घे. भिंतीलगत दीड मीटरात काडीसुद्धा नको. उडवी गोठ्याजवळ रचायची सवय सोड. लांब, उघड्यावर रच.

बागेची बेणणी झाली तरी कापलेलं गवत कलमांच्या बुंध्याशी ठेवू नकोस. गडग्याच्या कडेनं जाळरेषा काढायची तर पहाटे, वारा पडलेला असताना, चार माणसं आणि पाण्याची पिंपं घेऊन. एकटीनं मुळीच नाही. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही. आणि घराकडे येतेय असं दिसलं की आधी गुरांची दावी सोड, मग बाकीचं. वनखात्याचा 1926 हा नंबर ओटीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेव.

खरी भीती मला शेजारच्या पडीक जमिनीची वाटते. पूर्वी गुरं चरायची, उरलेलं गवत लोक कापून न्यायचे. आता गुरं कमी झाली, माणसं मुंबईला गेली, आणि कमरेएवढं गवत तसंच उभं राहतं. तू तुझं आवार कितीही झाडलंस तरी आग सातबारा बघून थांबत नाही. हे काम वाडीनं मिळूनच करायला हवं, शिमग्याची वाट न बघता.

मी माघातच रजा काढून येतोय, ग्रासकटर घेऊन. त्या पडीक जमिनीच्या मालकांचा मुंबईचा नंबर तेवढा मिळवून ठेव. त्यांच्या परवानगीशिवाय त्या गवताला हात लावता येणार नाही.

तुझा,
भाचा